उकळला, तो हुकला!

दोस्तांनो, सर्दी झाली की आजी काय करते? तुळस, आलं, गवती चहा पातेल्यात घालते आणि खळखळून उकळते. काढा म्हटला की उकळायचाच! पण एका झुडपाच्या बाबतीत हे उकळणंच नडलं. त्याचीच ही गोष्ट.

हिवताप, म्हणजेच मलेरिया, तुम्हाला ठाऊक आहेच. डासाची मादी चावते, जंतू रक्तात शिरतात आणि हुडहुडी भरून ताप चढतो. १९६० नंतर यावरचं हुकमी औषध, क्लोरोक्विन, काही देशांत लागू पडेना. जंतू त्याला सरावले होते! व्हिएतनामच्या युद्धात सैनिक हिवतापानं बेजार झाले. उत्तर व्हिएतनामनं चीनकडे मदत मागितली आणि १९६७ साली चीनमध्ये नव्या औषधाचा गुप्त शोध सुरू झाला. १९६९ मध्ये त्यातल्या एका गटाची जबाबदारी तू यूयू या संशोधिकेवर आली. (हसू नका हं! चीनमध्ये आडनाव आधी लिहितात आणि 'तू' हे त्यांचं आडनाव आहे.)

त्यांनी जुन्या वैद्यांची पुस्तकं चाळून औषधांच्या २,००० हून जास्त कृती जमवल्या. सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून जास्त अर्क काढले आणि हिवताप झालेल्या उंदरांना देऊन पाहिले. त्यात छिंगहाव नावाचं, आपल्या दवण्याच्या नात्यातलं एक झुडूप होतं. त्याचा अर्क एकदा छान चालला. पुन्हा काढला, तर फुस्स!

असं का व्हावं? उत्तर मिळालं गे हाँग या चौथ्या शतकातल्या वैद्याच्या पुस्तकात. त्यानं मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं होतं. उकळायचं नावच नाही! म्हणजे उष्णतेनं औषधाचा गुण जात असेल का? मग तू यूयूंनी ईथर वापरलं. ते सुमारे ३५ अंश सेल्सियसलाच उकळतं. ऑक्टोबर १९७१ मधला १९१ नंबरचा नमुना उंदरांवर आणि माकडांवर शंभर टक्के लागू पडला.

पण माणसाला तो बाधला तर? आणखी तपासत बसावं, तर हिवतापाचा हंगाम निघून जाणार. तेव्हा जुलै १९७२ मध्ये तू यूयू आणि त्यांचे दोन सहकारी इस्पितळात दाखल झाले. अर्क आधी त्यांनी स्वतः घेतला! काही अपाय झाला नाही. मग हैनान बेटावर २१ रुग्णांना तो दिला. त्यांचा ताप भराभर उतरला. त्याच वर्षी अर्कातलं खरं औषध वेगळं काढता आलं. तेच आर्टेमिसिनिन. २०१५ साली तू यूयूंना नोबेल पारितोषिक मिळालं.

मग आपणही पाला पिळून ताप घालवायचा का? मुळीच नाही! पाल्यात औषध किती उतरलं, हे डोळ्यांना दिसत नाही. कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, उलट सरावतात. ताप आला की रक्त तपासायचं आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पुऱ्या संपवायच्या.

आणि हो, एखादा प्रयोग फसला तर लगेच टाकून देऊ नका. आपण उगाच 'उकळत' तर नाही ना, एवढं एकदा बघा!