विमानं बोगमाळोत आहेत, बोट कुठे आहे?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या निवतीच्या समुद्राचा आहे, म्हणून आधी पुरती वाचा, मग हव्या तेवढ्या शिव्या घाला.

दाबोळी विमानतळावरून बोगमाळोकडे निघालं की वाटेत नौदलाचं विमान संग्रहालय लागतं. 1998 पासून आहे. आपल्या सावंतवाडी-कुडाळकडची माणसं दाबोळीला किती वेळा गेली असतील! कोणाला सोडायला, कोणाला आणायला. त्यातल्या कितीजणांनी आत पाय ठेवलाय? शाळेच्या सहली गोव्याला जातात त्या किनारे बघायला आणि दुपारी बसमध्ये झोपायला. मी गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन गेलो आणि तीन तास कसे गेले कळलं नाही.

आवारात शिरलं की सुपर कॉन्स्टेलेशन दिसतं. चार इंजिनं, शेपटीला तीन उभे पंख, आणि माशासारखं किंचित बाक असलेलं अंग. आधी एअर इंडियाचं, मग हवाई दलाकडे आणि शेवटी नौदलाकडे समुद्रावर पाळत ठेवायला. त्याच्यापुढे सी हॉक अगदी पोरगेलं वाटतं. हेच ते विमान, ज्याने 4 डिसेंबर 1971 ला 'विक्रांत'वरून उडून कॉक्स बझार आणि चितगावची दैना केली. बरं, त्या वेळी 'विक्रांत'च्या बॉयलरला तडे होते, बोट पूर्ण वेगाने पळूसुद्धा शकत नव्हती. तरी गेली.

टीव्हीवर हे कळत नाही. जवळ उभं राहिलं की कळतं. कॉकपिट एवढं अरुंद की आपल्यातले निम्मे जण खांद्यातच अडकतील. शेपटीखाली लोखंडी हूक असतो तो जरूर बघा. हलत्या डेकवर आडव्या तारा ताणलेल्या, त्यातली एक त्या हुकात अडकली तर विमान थांबणार. हुकली तर तसंच इंजिन ओढून पुन्हा हवेत आणि पुन्हा फेरी. रात्री, पावसात, खाली काळं पाणी. पलीकडचं आलिझे तर पाणबुड्या शोधणारं, तीन माणसं आत बसायची. पंख दुमडायची सोय, कारण बोटीवर जागेची मारामार. आणि सी हॅरियर, 2016 पर्यंत 'विराट'वर होतं, उभ्या-उभ्या खाली उतरायचं. त्याच्या अंगावरच्या फिरत्या झोतनळ्या हाताच्या अंतरावरून बघितल्या की भौतिकशास्त्राचा अर्धा धडा तिथेच होतो.

भाच्याने सगळं बघून सरळ विचारलं, "मामा, ही ज्या बोटीवर उतरायची ती बघायला कुठे जायचं?"

काय सांगू? 'विक्रांत' 1997 ला निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती. 2014 मध्ये भंगारात विकली आणि दारूखान्यात तोडली. तिच्या पोलादाची मोटरसायकल निघाली, जाहिरातीत देशभक्तीचं संगीत वाजलं, आपण डोळे पुसले. 'विराट'ची गोष्ट तर आपल्या दारातली आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिचं संग्रहालय निवतीसमोर करायला मंजुरी दिली. 852 कोटींचा आकडा होता. आठवतंय का? तेव्हा फटाके वाजवणारे, पेढे वाटणारे आज कुठल्या पक्षात आहेत ते तुम्हीच शोधा, मला आता हिशोब लागत नाही. 2020 मध्ये तीच बोट 38.54 कोटींना लिलावात गेली आणि अलंगच्या किनाऱ्यावर चढवली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं, तोपर्यंत तोडकाम बरंच पुढे सरकलं होतं.

आता कमेंटमध्ये एक मुद्दा येणारच, आणि तो खोटा नाही. "आमचे पेशंट ॲम्ब्युलन्समधून बांबोळीला न्यावे लागतात, तुम्हाला बोटींचं काय पडलंय?" ते पैसे दवाखान्याला गेले असते तर मी ही पोस्ट लिहिलीच नसती, शपथ. पण ते गेले नाहीत, कारण ते नव्हतेच. कागदावर मंजुरी होती आणि गुंतवणूकदार येईल अशी आशा होती. म्हणजे बोटही नाही आणि दवाखानाही नाही, बातमी मात्र छापून आली. राग त्या बातमीचा आहे.

दुसरा मुद्दा जास्त टोचणारा. समजा 'विराट' आली असती, तर आपण ती सांभाळली असती का? खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. 26 ऑगस्ट 2024 ला राजकोटवर काय झालं ते मालवणच्या माणसाला मी सांगायला नको. उद्घाटनाला हेलिकॉप्टर उतरतं, नंतर नटबोल्ट बघायला कोणी येत नाही. म्हणून बोगमाळोचं कौतुक वाटतं. थेट समुद्रकाठी, तरी पंचवीसहून जास्त वर्षं ही विमानं उभी ठेवलीत. नौदलाने केलं, आपल्या पुढाऱ्यांनी नाही.

आता त्याच निवतीसमोर 'गुलदार' ही निवृत्त युद्धनौका बुडवून पाण्याखाली संग्रहालय करायचं ठरलंय. चांगलं आहे, व्हावं. माझा विरोध नाही. पण या वेळी पेढ्यांआधी तीन गोष्टी विचारू या. दरवर्षी देखभालीला किती पैसे, आणि ते कुठल्या खात्यातून? जबाबदार अधिकारी कोण, आणि त्याची बदली झाली की पुढे कोण? आणि ज्या मच्छीमारांच्या जाळ्याखालचा तो समुद्र आहे त्यांना काय विचारलं, काय लिहून दिलं?

ग्रामसभेत मांडा, आमदार भेटले तर तोंडावर विचारा, उत्तर आलं की इथे टाका. आणि शाळेतल्या गुरुजी-बाईंनो, यंदाच्या सहलीत एक किनारा कमी करा, बोगमाळो घाला. पोरांना हूक दाखवायला विसरू नका.