आग्नेय आशियात शाकाहारी उपाशी राहत नाही

संपादक महोदय,


‘टूर कंपनीशिवाय आग्नेय आशिया परवडत नाही आणि शाकाहाऱ्यांचे हाल होतात,’ हे गेल्या अंकातील वाचकपत्रातले मत मला मान्य नाही.

मत्स्यसॉस आणि कोळंबीची पेस्ट भाजीतही असते, हा पत्रलेखकाचा मुद्दा खरा आहे. पण त्यावर तिथेच उपाय आहे. थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेल्या गाड्यांवर मांस, मासे, अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ लिहिलेली खानावळ शोधावी. मलेशियात पेनांगच्या जॉर्जटाउनमध्ये तमिळ खानावळीत केळीच्या पानावर भात-भाजी पोटभर मिळते.

सिंगापूर महाग, हे हॉटेलांबाबत खरे, जेवणाबाबत नाही. तिथल्या ‘हॉकर सेंटर’ म्हणजे खाद्यस्टॉलांच्या संकुलांत सामान्य नोकरदार रोज जेवतो. तिथल्या स्टॉलांना स्वच्छतेची सरकारी श्रेणी दिलेली असते. या खाद्यसंस्कृतीला 2020 मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता दिली. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये डोसाही मिळतो. शिवाय सिंगापूरचे बोटॅनिक गार्डन हे जागतिक वारसास्थळ पाहायला तिकीट नाही.

प्रवासातही बचत होते. बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीवरची नेहमीची प्रवासी बोट पकडली, की पर्यटक बोटीपेक्षा कमी पैशांत वाट अरुण मंदिर दिसते. बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेने सीमेवरचे पादांग बेसार, तिथून गाडी बदलून बटरवर्थ आणि फेरीने पेनांग गाठले, तर एका रात्रीचे हॉटेलभाडे वाचते.

वृद्ध आईवडिलांसाठी टूर सोयीची असेल. पण बेताची मिळकत असलेल्या तरुणांना कृपया घाबरवू नका. त्यांनी जरूर जावे.

आपली,
एक वाचक, ठाणे