धुंवर काळो काय धवो?

गेल्या पावसाळ्यात माझ्या चुलतभावाचा पॉवरटिलर खाजनात, शेताच्या अगदी मधोमध बंद पडला. जूनचा शेवटचा आठवडा होता. पहिल्या पावसांनी जमिनीतले मीठ धुऊन गेले होते, चिखलणी अर्धी झाली होती आणि तरवा वीस दिवसांचा होऊन लावणीची वाट बघत होता. तरवा जून झाला की फुटवे कमी येतात, हे शेत करणाऱ्याला सांगायला नको. भावाने विक्रेत्याला फोन केला. त्यांचा माणूस आठ दिवसांनी येणार होता. रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने न बघताच निदान केले, "पंप गेला. काढून आणा, उघडून बघू." डिझेलचा पंप उघडायचा म्हणजे काही हजारांना फोडणी, हे भावाला ठाऊक होते.

शेवटी कुणीतरी पलीकडच्या गावातल्या एका काकांचे नाव सुचवले. वीसेक वर्षे त्याच जातीचे यंत्र वापरणारा माणूस. मेकॅनिक नव्हे, शेतकरीच. भावाने फोन लावला आणि म्हणाला, "काका, पॉवरटिलर चालत नाही."

पलीकडून प्रश्न सुरू झाले. एकदम बंद पडतो की हळूहळू? बंद पडण्यापूर्वी धुंवर काळो काय धवो? डिझेल कधी भरले होते, टाकी कोरडी होऊ दिली होती का? परत चालू केल्यार कितलो वेळ चलता?

डिझेल आदल्या दिवशी संपले होते, हे भावाला तेव्हा आठवले. काकांनी सांगितले, नळीत हवा भरली असेल. फिल्टरवरचा स्क्रू सैल कर, बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत थांब, मग घट्ट कर. तसे केले, यंत्र सुरू झाले. दहा मिनिटांनी पुन्हा बंद! पुन्हा फोन. या वेळी भाऊ चिडून म्हणाला, "दर वेळी दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि हळूहळू जीव सोडतो. थोडा वेळ थांबलं की परत चालतो."

काका थोडे थांबले आणि म्हणाले, "टाकीचें धांपण मात्शें सदळ करून पळय."

झाकण सैल करताच फुस्स झाले. झाकणाला हवा आत जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते, ते खाजनाच्या चिखलाने बुजले होते. टाकीतले डिझेल कमी होत जाई, त्या जागी हवा येईना, मग आतून ओढ बसून डिझेलच पुढे सरकेना. थांबले की कुठून तरी थोडी हवा शिरत असणार, म्हणून पुन्हा दहा मिनिटे. दुरुस्तीचा खर्च: एक टाचणी.

मी हा किस्सा झाकणासाठी सांगत नाही. पहिल्या फोनवर भावाने जे सांगितले आणि दुसऱ्या फोनवर जे सांगितले, त्यातला फरक मला महत्त्वाचा वाटतो. "चालत नाही" या दोन शब्दांतून कुणी काय ओळखायचे? आम्ही सरकारी कारकून असले अर्ज रोज वाचतो. "तरी योग्य ती कार्यवाही व्हावी." कशाची? कधीपासून? आधी काय केले? काही नाही. मग फाईल 'माहिती अपुरी' म्हणून परत जाते आणि लोक कचेरीला शिव्या घालतात. (कचेरीचे दोष वेगळे आणि ते कमी नाहीत, पण तो विषय आज नको.) यंत्राचेही तसेच. किती वेळाने बंद पडते, आधी काय बदलले होते, काल काय वेगळे घडले हे सांगितले तर निम्मे निदान विचारणाराच करून देतो. भावाला ती दहा मिनिटे बिनमहत्त्वाची वाटली होती. काकांना त्याच दहा मिनिटांनी झाकण दाखवले.

मी कला शाखेचा. यंत्रातले मला फार कळत नाही, पण भाषेतले थोडे कळते आणि इथे भाषाच कामाची आहे असे माझे मत आहे. आपल्याकडे आवाजांना केवढे शब्द आहेत! खडखड, टकटक, घरघर, करकर, फटफट, धडधड, गचके. बेअरिंग गेले तर घरघर किंवा करकर, पट्टा सैल असला तर तो किंचाळतो, इंधन कमी पडले तर यंत्र गचके खात मरते. धूर काळा असेल तर हवा कमी पडते, हवेचा फिल्टर तुंबलाय किंवा भार जास्त झालाय. निळसर असेल तर इंजिनातले ऑइल जळते आहे. थंड यंत्र सुरू करताना थोडा पांढरा येतोच, पण तापल्यावरही पांढरा राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी शिरले आहे. हे शेतकऱ्याला डोळ्यांनी आणि कानांनी समजलेले असते. पण मेकॅनिकसमोर उभा राहिला की तो ते सगळे गिळतो आणि पुस्तकातला एखादा इंग्रजी शब्द अडखळत उच्चारतो. आपण अडाणी दिसू नये म्हणून! घरघर म्हणायला लाज वाटते आणि 'पंपाचा प्रॉब्लेम' म्हटले की बरे वाटते. मग समोरचा पंपच उघडतो.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त खुपली. महिन्याभराने काका मला बाजारात भेटले. म्हणाले, "तुज्या भावाचें कितें जालें रे? झाकणच होतें मू?" भावाने त्यांना परत फोनच केला नव्हता. यंत्र चालले, लावणी झाली, विषय संपला. शिवाय एवढ्याशा छिद्रासाठी दोन दिवस बोंब मारली, हे सांगायची त्याला शरम वाटली असावी. तिकडे काकांना आणखी एकाने अगदी हीच लक्षणे सांगून विचारले होते. आपला अंदाज खरा ठरला की नाही हे माहीत नसल्यामुळे काका त्याला ठामपणे काही बोलले नाहीत, आणि त्या माणसाने पंप उघडून घेतला. त्याचे पैसे गेले ते भावाच्या शरमेपायी, असे मी भावाला तोंडावर सांगितले. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

विचारणाऱ्याने उत्तर मिळाल्यावर परत जाऊन 'हे झाले होते, हे केले, आता चालते' एवढे सांगणे हा सौजन्याचा भाग नाही. ती फेड आहे. सल्ला देणारे फुकट देतात, त्यांना मोबदल्यात फक्त हेच हवे असते. आणि चुकलेला सल्लाही कळवला पाहिजे, तोही पुढच्याच्या उपयोगी पडतो.

सल्ले देणारे सगळेच काकांसारखे नसतात, हेही कबूल करायला हवे. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारे पुष्कळ. रोटरमध्ये अडकलेले गवत इंजिन चालू ठेवूनच काढ, असे सांगणारेही मी पाहिले आहेत. इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीतून डिझेल इतक्या दाबाने सुटते की गळती बोटाने तपासणाऱ्याच्या कातडीत ते घुसू शकते. असले काम फोनवरच्या सल्ल्याने करायचेच नाही, तिथे माणूस बोलवावा आणि पैसे द्यावेत.

पण विचारून, कान लावून दुरुस्ती करण्याचे हे दिवस पुढेही राहतील का? अमेरिकेत जॉन डिअरच्या ट्रॅक्टरांवरून जे झाले ते बघा. यंत्रात संगणक आला, पडद्यावर बिघाडाचा आकडा दिसू लागला, पण पूर्ण तपासणीचे सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांकडेच. शेजारचा जाणता शेतकरी कितीही हुशार असला तरी कुलूप त्याच्याने उघडेना. 2015 मध्ये तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने शेती यंत्रांच्या मालकांना दुरुस्तीसाठी हे कुलूप ओलांडण्याची सूट दिली. 2023 च्या जानेवारीत कंपनीने अमेरिकन फार्म ब्युरोशी सामंजस्य करार केला, त्याच वर्षी कोलोरॅडो राज्याने शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि 2025 च्या जानेवारीत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर खटला भरला. शेतकऱ्याला स्वतःचे यंत्र स्वतः उघडता यावे, यासाठी एवढे!

आपल्याकडे 50 अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना 1 जानेवारी 2023 पासून धुराचे नवे निकष लागू झाले आणि त्यांच्याबरोबर इंजिनावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. गोव्यातल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतात एवढे मोठे यंत्र क्वचितच उतरते, त्यामुळे आपण अजून टाचणीच्या युगात आहोत. केंद्राच्या ग्राहक खात्याने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारेही घेतली, ही चांगली गोष्ट. पण समिती म्हणजे कायदा नव्हे.

आणि अनुदान? कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेत लहान शेतकऱ्याला यंत्राच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत मदत मिळते. ते पैसे यंत्र विकत घेण्यासाठी. ते बंद पडल्यावर कुणाला विचारायचे, याची तरतूद त्यात शोधून बघा. भावाच्या यंत्राबरोबर आलेले पुस्तक इंग्रजीत आहे आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत माडीवर पडून आहे. माझे म्हणणे एवढेच, की जनतेच्या पैशातून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राबरोबर मराठीत आणि कोंकणीत बिघाडांची चार पाने मिळालीच पाहिजेत, आणि ती लिहायला काकांसारख्या दोन-तीन माणसांना मानधन देऊन बसवावे. 'धुंवर धवो' असेच त्यात छापावे. ते शुद्ध आहे की नाही हे नंतर आम्ही कला शाखेवाले बघून घेऊ.

भावाने शेवटी काकांना फोन केला, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी. काकांनी पहिला प्रश्न विचारला तो झाकणाचा नव्हे, "छिद्र चिखलाने बुजलें काय गंजाने?" भाऊ उठून अंगणात गेला आणि बॅटरी मारून झाकण बघू लागला.