सोपाऱ्याचा दगड सोपाऱ्यात का नाही?

चंदनसारहून रिक्षा, विरारहून लोकल, चर्चगेटहून पायपीट. एवढं करून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मी काय पाहिलं? शेजारच्या नालासोपाऱ्याचा दगड!

अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा हा तुकडा. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. त्यातला करंडक आणि आठ बुद्धमूर्ती एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. म्हणजे तेही मुंबईतच.

गंमत बघा. आठव्या लेखात अशोक सांगतो, की आधीचे राजे शिकारीला जायचे, मी धर्मयात्रेला जातो, गावोगावच्या लोकांना भेटतो. राजा लोकांकडे जात होता. आता लोकांनी त्याच्या दगडाकडे जायचं, तेही विरार लोकलला लटकून.

‘तिथे वस्तू सुरक्षित आहेत,’ असं म्हणाल. मान्य. मूळ वस्तू राहू द्या तिथेच. पण स्तूपाशेजारी उत्तम प्रतिकृती, मराठीत नीट माहिती आणि एक छोटं संग्रहालय का असू नये? इथे टॉवरला जागा मिळते, इतिहासालाच कशी मिळत नाही?

पहिल्या शतकातल्या ग्रीक ‘पेरिप्लस’मध्ये सोपाऱ्याचं नाव आहे. आपल्या पोरांना मात्र नालासोपारा म्हटलं की फक्त गर्दी आठवते. दोष पोरांचा नाही. त्यांना दाखवलंय कुणी?