शेण पवित्र, मग ते उचलणारे हात कुणाचे?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी तळे बाटले म्हणून त्याचे 'शुद्धीकरण' केले. १०८ घागरी, त्यांत शेण, गोमूत्र, दूध, दही आणि वर मंत्र. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते, हा त्यांचा सिद्धांत. हा सिद्धांत महाडला पुरला गेला असे ज्यांना वाटते, त्यांनी मे महिन्यात कुठल्याही गावच्या शिवारात जाऊन यावे.

पावसाळ्याआधी उकिरडे उपसले जातात. ट्रॉलीतून शेणखत शेतात येते, त्याचे ढीग पडतात. ते ढीग घमेल्यांनी उचलून हाताने विस्कटायचे काम रोजंदारीवरच्या बायका करतात. आम्ही ज्या गावांत काम करतो, तिथे या बायका बहुतेक भूमिहीन आहेत. बौद्ध, मातंग, आदिवासी, भटक्या-विमुक्त. पायात चप्पल असली तर असली, हातात मोजे नाहीत. दुपारची भाकरी त्याच बांधावर खायची आणि हात धुवायला साबण नाही.

आता त्या ढिगात काय असते ते पाहू. गाय-म्हैस पाचव्या महिन्यानंतर गाभडली, तर अनेकदा त्यामागे ब्रुसेला नावाचा जीवाणू असतो. पडलेला गर्भ, जार आणि त्यानंतरचा स्राव यांत तो प्रचंड संख्येने असतो. गोठा झाडला की हे सगळे शेणाबरोबर उकिरड्यावर जाते आणि उकिरडा शेतात जातो. कडक उन्हात हा जीवाणू काही तासांत मरतो. पण ओलसर, थंड, सावलीच्या जागी, म्हणजे ढिगाच्या आत किंवा मातीखाली, तो आठवडेच नव्हे तर महिनोन्‌महिने जगू शकतो. शेणातला साल्मोनेला आणि गुरांच्या क्षयाचा जंतूही अशा मातीत महिनोन्‌महिने तग धरतात.

फाशी या रोगाचा जंतू तर याहून चिवट. रॉबर्ट कॉखने १८७६ मध्येच दाखवून दिले की हा जंतू बीजाणू तयार करतो. मेलेले जनावर फाडले, रक्त हवेत आणि मातीत मिसळले, की हे बीजाणू तयार होतात आणि जमिनीत दशकानुदशके टिकतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये या जंतूची चाचणी घेतली. बेट फॉर्मल्डिहाइडने धुऊन काढावे लागले आणि ते सुरक्षित जाहीर व्हायला १९९० साल उजाडले. हे बीजाणू खत कुजवूनही मरत नाहीत. म्हणून फाशीने मेलेले जनावर फाडायचेच नसते. आणि पिढ्यान्‌पिढ्या मेलेले जनावर ओढायला आणि फाडायला कुणाला लावले, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

लगेच दोन आक्षेप येतील. पहिला, आमचे आजोबा शेणखतच वापरत होते, त्यांना काय झाले? काय झाले ते कुणी मोजले होते? महारवाड्यात तापाने माणूस गेला, तर त्याची नोंद 'तापाने गेला' एवढीच. दुसरा आक्षेप, तुम्ही रासायनिक खतवाल्यांचे दलाल. तर स्पष्ट सांगतो, आम्ही शेणखताच्या विरोधात नाही. जमिनीला सेंद्रिय खत लागतेच. आमचा झगडा कच्च्या शेणाशी आणि त्याभोवतीच्या भोंदूपणाशी आहे.

खत नीट कुजवले तर ढिगाचे तापमान ५५ अंशांच्या वर जाते आणि त्या उष्णतेत ब्रुसेला, साल्मोनेला मरतात. मात्र ढिगाचा मधला भाग तापतो आणि कडा थंड राहतात, म्हणून ढीग पुन्हा पुन्हा उलथावा लागतो. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चे शेण घातल्यापासून काढणीपर्यंत ९० दिवस जाऊ द्यावे लागतात, आणि पिकाचा खायचा भाग मातीला लागत असेल तर १२० दिवस. हा रासायनिक कंपन्यांचा नियम नव्हे, सेंद्रिय शेतीवाल्यांचाच आहे. आपल्याकडे १० किलो ताजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन २०० लिटर पाण्यात दोन-तीन दिवस ठेवतात आणि त्याला 'जीवामृत' म्हणतात. त्या पिंपात ५५ अंश उष्णता येत नाही. गाय गाभडलेली आहे का, हे आधी कुणी विचारते का? आणि अमृत म्हटल्यावर हातमोजे कोण मागणार?

गोरक्षक संविधानाचे कलम ४८ तोंडपाठ म्हणतात, पण अर्धेच. त्या कलमाची सुरुवातच शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्यापासून होते. गोवंशाचा मुद्दा नंतर येतो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. ठीक. मग बाधित गाय वेगळी ठेवायची, तिला चारा घालायचा, तिचा गोठा निर्जंतुक करायचा, हा खर्च कुणी करायचा? अल्पभूधारक कुणबी शेतकऱ्याला तो झेपत नाही. तो गाय बाजारात विकतो किंवा मोकळी सोडतो, आणि रोग पुढच्या गोठ्यात जातो. पवित्रता जाहीर करायला पैसा लागत नाही, ती निभावायला लागतो.

जंतू जात विचारत नाही, मालकालाही तो लागतो. पण शेणात हात कुणाचा किती तास राहणार, हे जात आणि जमिनीची मालकी ठरवते. ब्रुसेलाचा ताप येतो, जातो, पुन्हा येतो. रात्री घाम फुटतो, सांधे आणि कंबर धरते. टायफॉइड म्हणून चार दिवसांच्या गोळ्या मिळतात. खरा उपचार दोन प्रतिजैविकांचा आणि साधारण सहा आठवड्यांचा आहे. ज्या बाईची एक दिवसाची मजुरी बुडाली तर चूल अडते, तिच्या या दुखण्याला गावात 'कामचुकारपणा' म्हणतात.

आता थोडे आपल्याबद्दल. बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन आपल्या पूर्वजांनी मेलेली गुरे ओढणे सोडले, मार खाल्ला, बहिष्कार सोसला. ती प्रतिष्ठेची लढाई होती आणि आरोग्याचीही. पण आपली आई-मावशी आजही खताचे घमेले डोक्यावर घेते आणि आपण तो विषय 'शेतकऱ्यांचा' म्हणून सोडून दिला. जयंतीची मिरवणूक काढणाऱ्या मंडळाने खत विस्कटणाऱ्या बायकांची यादी कधी केली आहे का? बाबासाहेब मजूरमंत्री होते, हे आपण भाषणात सांगतो. मजुराच्या हाताला काय लागते, हे पाहणे त्याच वारशात येते.

म्हणून यंदा पावसाळ्याआधी आपल्या गावात या मागण्या घेऊन ग्रामपंचायतीत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊ. कच्चे खत हाताने विस्कटायला लावू नये. मोजे, गमबूट आणि साबण मालकाने द्यावा. गाभडलेल्या जनावराचा गर्भ आणि जार उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावा. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलाची लस देण्याचा सरकारी कार्यक्रम २०१९ पासून आहे, तो आपल्या गावात किती झाला याचा हिशेब मागावा. आणि दोन आठवड्यांहून जास्त ताप असलेल्या शेतमजुराची ब्रुसेलाची रक्ततपासणी व्हावी. मालकाने नाही म्हटले, तर त्या बायकांनी एकत्र बसून ठरवावे की कच्च्या खताला हात लावायचा नाही. मेलेले ढोर ओढायला नकार देणाऱ्यांच्या त्या लेकी-नाती आहेत. नकार कसा द्यायचा, हे त्यांना घरातूनच ठाऊक आहे.

जय भीम.