आधी अक्षर, मग यंत्र

२०१३च्या निवडणुकीत उहुरू केन्याटा यांनी केनियातील पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याचे वचन दिले. कंत्राटाच्या वादांत वर्षे सरली. अखेर २०१६मध्ये लॅपटॉपऐवजी टॅब्लेट शाळांत पोहोचू लागले आणि पुढे ही यंत्रे दहा लाखांवर गेली. त्यांच्या निमित्ताने हजारो शाळांत वीज आली, हे श्रेय द्यावेच लागेल. परंतु अनेक ठिकाणी चोरीच्या भयाने ती कपाटबंद राहिली. मुले वाचू लागली काय, हे विचारण्याची निकड राज्यकर्त्यांना वाटली नाही.

त्याच देशात २०१५पासून ‘तुसोमे’ म्हणजे ‘वाचू या’ ही योजना राबविली गेली. प्रत्येक मुलाच्या हाती इंग्रजी व किस्वाहिलीचे पुस्तक आणि शिक्षकापाशी आखलेले पाठ. टॅब्लेट होता, पण तो वर्ग पाहायला येणाऱ्या अधिकाऱ्याकडे! तो काही मुलांचे वाचन ऐकून नोंद करी आणि शिक्षकाला तेथेच मार्गदर्शन करी. वाचनात सुधारणा झाली ती येथे. उणीव एवढीच की, लुओ वा तुर्काना मुलाची मातृभाषा या दोहोंपैकी एकही नव्हे.

२००४मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी आफ्रिकेला उपग्रहाने जोडण्याची कल्पना मांडली. २००९मध्ये ते जाळे कार्यान्वित झाले. २०१९पासूनची ‘ई-विद्याभारती’ त्याचीच पुढची पायरी. मात्र तिचा रोख उच्च शिक्षणावर आहे. पहिलीचा वर्ग तिच्या कक्षेबाहेरच राहतो. अनेक भाषांत, अल्प खर्चात पाठ्यपुस्तके छापण्याचा भारताचा अनुभव त्या वर्गाला उपग्रहाहून अधिक उपयोगी पडेल.