यंत्राची पाठ

गेल्या नवरात्रात आम्ही एक यंत्र विकत घेतले. यंत्र विकत घेणे ही काही मासिकात सांगण्याजोगी घटना नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु हे यंत्र चाळिशीच्या घरातले, गंजलेले आणि मुके होते. आणि त्यास बोलते करण्याच्या खटाटोपात आमच्याच घरातील एक गोष्ट आम्हांस उमगली, जी तीस वर्षांच्या संसारात उमगली नव्हती. म्हणून हा प्रपंच.

यंत्र म्हणजे धूळ ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर. त्यास 'निर्वात झाडू' म्हणावे असे आमच्या मनात आले होते. परंतु विचारांती तो शब्द आम्ही सोडून दिला. कारण या यंत्रात निर्वात पोकळी होतच नाही. आतला पंखा हवा मागच्या बाजूने बाहेर फेकतो, त्यामुळे आत हवेचा दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा नळीवाटे धुळीसह आत धावते. वाटेत पिशवी असते. तिने धूळ अडवायची आणि हवा सोडायची. सारे तत्त्व एवढेच.

ग्वाल्हेरच्या वाचकांस धुळीची ओळख करून द्यावयास नको. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ येथे पडला आणि त्याचेच पुढे 'लष्कर' शहर झाले. तंबू गेले, वाडे आले. धूळ मात्र तळावरचीच राहिली. ज्येष्ठात आंधी सुटली की बंद कवाडांतूनही ती आत येते आणि देवघरातील समईवर जाऊन बसते. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने हवेतील सूक्ष्म धुळीची आकडेवारी प्रसिद्ध केली, तेव्हा जगातील अतिदूषित शहरांत आमच्या ग्वाल्हेरचे नाव अगदी वरच्या ओळीत होते. तानसेनाच्या नगरीला कीर्तीची ही नवी बाजू नको होती.

या यंत्राची आणि आमची जुनी तोंडओळख आहे. १९८२ साली युरेका फोर्ब्स ही कंपनी निघाली आणि तिचे टाय लावलेले तरुण दारोदार फिरून ही यंत्रे विकू लागले. त्या काळात असाच एक तरुण विक्रेता आमच्या वाड्यात आला होता. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. त्याने नळीच्या तोंडाशी पांढरे फडके लावले, आईने नुकतीच झटकून ठेवलेली गादी त्यावरून फिरवावी तशी नळी गादीवरून फिरवली, आणि फडके काढून दाखवले. त्यावर राखाडी वर्तुळ उमटले होते. आई ओशाळली. आमचे वडील सरकारी कचेरीत कारकून, किंमत ऐकून ते हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे झाडू आहे, आणि झाडणारे हातही आहेत." तरुण नमस्कार करून गेला. ते हात कोणाचे, हा प्रश्न त्या दिवशी कोणीच विचारला नाही; आम्हीही नाही.

तसलेच एक यंत्र गेल्या आश्विनात लष्करातील एका कबाड्याच्या दुकानी, मोडक्या कूलरखाली दिसले. लांबट पिंप, तळाशी घसरण्यासाठी दोन पट्ट्या, पाठीमागे जाळी. नाव पुसून गेले होते. घासाघीस करून सातशे रुपयांस घेतले आणि रिक्षात मांडीवर ठेवून घरी आणले. सौ. ने दारातूनच विचारले, "अहो, हे कोणते देव आणलेत घटस्थापनेला?"

आम्ही म्हणालो, "तुझ्यासाठीच आहे." सौ. ला दम्याचा विकार आहे. झाडलोट करताना ती पदर नाकाशी धरते, हे आम्ही रोज वर्तमानपत्राच्या आडून पाहात आलो आहोत.

यंत्र आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेले. त्याने ते थेट विजेवर लावले नाही. आधी सिरीजच्या दिव्यावर लावून पाहिले. आत कोठे वीज एकमेकींस भिडली असेल तर दिवा भक्कन पेटतो आणि अनर्थ टळतो. दिवा पेटलाच नाही. मिस्त्रीने दोन पेच काढले आणि झिजून नखाएवढे उरलेले दोन कार्बन आमच्या तळहातावर ठेवले. या मोटारीत फिरत्या भागास वीज पोहोचते ती या दोन कार्बनच्या तुकड्यांवाटे. ते झिजले की मोटार थांबते, आणि पुष्कळ लोक ती जळाली समजून यंत्र भंगारात टाकतात. "मास्साब, मोटर जिंदा है," मिस्त्री म्हणाला. निकाल लागण्यापूर्वी मुलाचा गणिताचा पेपर बरा गेल्याचे कळावे, तसे आम्हांस वाटले.

पुढील आठ दिवस शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्या दुकानी बाकावर बसून होतो. नवे कार्बन त्याच मापाचे घासून बसवले. कार्बन ज्यावर टेकतात तो तांब्याचा कम्युटेटर बारीक काचकागदाने उजळला. एमरीचा काळा कागद येथे वापरू नये, कारण त्याचे कण विजेला भलती वाट करून देतात, हे आम्ही नव्याने शिकलो. बेअरिंगे बदलली. रबर तडकलेली जुनी वायर काढून अर्थिंगची तीन तारांची नवी घातली. पत्र्याच्या यंत्रास हे केलेच पाहिजे. पिंपास आतून बाहेरून रंग दिला. कापडी पिशवी मात्र धड होती, म्हणून धुऊन तीच ठेवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्र सुरू झाले. आवाज असा की शेजारचे वहिनी-भावजी धावत आले. बैठकीच्या खोलीत सासऱ्यांनी दिलेला ग्वाल्हेरी गालिचा आहे. येथील हातविणीच्या गालिच्यांस २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून आमच्या घरी त्याचा मान अधिकच वाढला आहे. त्यावरून नळी फिरली आणि वीस वर्षांचा मळका तांबडा रंग डाळिंबासारखा खुलला. आम्ही विजयी मुद्रेने सौ. कडे पाहिले. ती मागे, जाळीजवळ उभी राहून कौतुकाने पाहात होती.

त्या रात्री तिला दम्याचा जोराचा झटका आला. पहाटेपर्यंत ती उशीला टेकून बसून होती आणि आम्ही पाठीवरून हात फिरवीत होतो. डॉक्टरांनी औषध दिले, आणि दिवसभरात काय काय केले ते विचारले. यंत्राचे नाव काढताच म्हणाले, "पिशवी कापडी आहे का?" मग सारा उलगडा झाला. जुनी कापडी पिशवी जाड धूळ अडवते. छातीत खोल उतरणारी बारीक धूळ मात्र तिच्या विणीतून निसटते आणि जाळीतून फवाऱ्यासारखी बाहेर पडते. नव्या कार्बनची भुकटीही तिच्यात मिसळलेली. गालिचा स्वच्छ झाला होता. त्यातील धूळ आम्ही सौ. च्या तोंडावर सोडली होती.

या यंत्राच्या इतिहासाचा दम्याशी संबंध आहे, हे पुढे वाचनात आले. अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा एक झाडूवाला होता. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्यास दम्याचा त्रास होई. म्हणून १९०७ साली त्याने पंख्याची मोटार, साबणाचा डबा, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातात धरण्याजोगे यंत्र बनवले. पुढे त्याचा हक्क हूवर यांनी घेतला आणि त्यांचेच नाव जगभर झाले. म्हणजे हे यंत्र जन्मले ते गालिच्यासाठी नव्हे, झाडणाऱ्याच्या छातीसाठी. आम्ही मात्र गालिच्याकडे पाहात राहिलो.

यंत्र पुन्हा कबाड्यास द्यावे, असे आम्ही ठरवले होते. सौ. च म्हणाली, "अहो, सातशे रुपये आणि आठ दिवस घातलेत. ते चौकात ठेवा आणि नळी तेवढी आत घ्या. पाठ बाहेर राहू दे."

इतके सोपे! मिस्त्रीने नळीस जोड देऊन ती लांब केली, सांधे घट्ट बसवले. ओढ थोडी कमी झाली, पण चालते. कापडी पिशवी काढून कागदी घातली, तोंडाचे फाटके रबरी कडे बदलले. पिशवी निम्मी भरली की ती बदलतो. कारण हीच हवा मोटारीस थंड ठेवते, पिशवी कोंदली की मोटार तापते. ओले मात्र काही ओढू नये. पुढे कळले की लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ साली बनवलेले पहिले मोठे यंत्र घोडागाडीवर रस्त्यातच उभे राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात जात. त्या साहेबांनी केले तेच सौ. ने काहीही न वाचता सुचवले.

आता रविवारी सकाळी यंत्र चौकात घरघरते. नळी आम्ही धरतो. पन्नाशी उलटेपर्यंत आम्ही कधी झाडू हाती धरला नव्हता, आणि यंत्र आले म्हणूनच धरवला, हे लपवण्यात अर्थ नाही. सौ. तेवढा वेळ शेजारी वहिनींकडे चहा घेत बसते. डॉक्टरांची तशी ताकीदच आहे.

गेल्या रविवारी गादीवरून नळी फिरवून झाल्यावर आम्ही सहज तिच्या तोंडाशी पांढरे फडके लावून पाहिले. राखाडी वर्तुळ तसेच उमटले. ते फडके आम्ही धुतले नाही. आई आज असती तर तिला दाखवून म्हटले असते, की गादी तुझी अस्वच्छ नव्हती. धूळच तशी होती, आणि हात एकटेच होते.